अंगावर काढलेलं

करोल बागेत मराठी गलाईवाले किती, हे दिल्लीतल्या कुठल्याही सरकारी खात्याला ठाऊक नसावं. मला ठाऊक आहे, कारण गणपती मंडळाची वर्गणी मी गोळा करतो. वर्गणी मागायला गेलं की माणूस आपोआप उघडा पडतो. कोण पावती फाडायच्या आधी पाणी विचारतो, कोण नेमका त्याच वेळी बाथरूममध्ये असतो, कोण गेल्या वर्षीचं राहिलेलं न मागता हातावर ठेवतो, ते सगळं माझ्या डोक्यात नोंदलेलं असतं. हिशेब खात्यात जन्म गेला, आता ही खोड जायची नाही.

गलाईवाले म्हणजे विटा, खानापूर, आटपाडीकडची मंडळी. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, कात्रण, मोडीचे दागिने घ्यायचे, भट्टीत वितळवायचे, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचे आणि त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. सोनं सोनाराकडे परत जातं. धूर गलाईवाल्याकडे राहतो.

माझी भाची रुचिता या धुरावर संशोधन करत होती. म्हणजे कागदावर विषय फार मोठा होता. परप्रांतातून आलेले कारागीर, त्यांचं आरोग्य आणि त्यांच्यापर्यंत न पोहोचणारे उपचार, असा काहीसा. ती जन्मली दिल्लीत, वाढली सरकारी क्वार्टरमध्ये, आणि आईवडील पुण्याला गेल्यावर मुनिरक्यात खोली घेऊन राहिली. तिचं मराठी स्वच्छ, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतचं. भाज्या, सणवार, आईची बोलणी इथपर्यंत पक्कं. उंबरा ओलांडला की 'बिल्कुल', 'अच्छा' आणि 'यार'. मी तिला चिडवायचो, की तुझ्या मराठीला फक्त घरकामाची परवानगी आहे.

"मामा, पूर्ण टीममध्ये मराठी येणारी मी एकटीच आहे," ती म्हणायची. "यू शुड बी प्राउड."

मी प्राउड होतोच. म्हणून तर तिला दामूअण्णांच्या दुकानात घेऊन गेलो.

दामूअण्णा हे त्या गल्लीतले मोठे गलाईवाले. वर्गणी देतात, पण आधी दहा मिनिटं मंदीवर बोलतात. दारात खुर्ची टाकून बसायची त्यांची सवय. आत भट्टीशी सूर्यकांत होता, त्यांच्याच गावचा, चाळिशीच्या अलीकडचा. हसतमुख माणूस, पण आतल्या खोलीतून चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि ते ठेवल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला, जणू जिना चढून आलाय. खोली तर दहा पावलांवर होती.

रुचिताने फोनवर रेकॉर्डिंग लावलं, परवानगी विचारली, आणि विचारायला लागली. प्रकल्पाला एक फिरता दवाखाना मिळणार होता. गाडी एकच. तिच्यात श्वास मोजायची यंत्रं बसवायची, की त्वचेचा डॉक्टर बसवायचा, की डोळ्यांचा, हे या मुलाखतींवरून ठरणार होतं. तिने हे सूर्यकांतलाही समजावून सांगितलं.

"गाडी हितं गल्लीत येनार?" त्याने विचारलं.

"हो, दर आठवड्याला."

"मग बरं हुईल. दवाखान्यात जायाचं मंजी दिवस जातो, ताई. आन् तितं गेलं की इचारत्यात, आधार कुठलं? आमचं सगळं सांगलीचं."

"पण सोमवारी बाजार बंद असतो ना? तेव्हा?"

"सोमवारी तर जास्त काम. आठवड्याची धूळ धुवायची असती."

"मग त्रास झाला की तुम्ही काय करता?"

"काय करनार? अंगावर काढायचं."

"अंगावर?"

"व्हय. सगळीच काढत्यात. अण्णाबी अंगावरच काढत्यात."

दारातून दामूअण्णांनी न वळता हात हलवला. रुचिताने इतकी समजूतदार मान डोलावली, की मला वाटलं, पोरगी तयार झाली. पुढच्या काही आठवड्यांत तिने एकटीने गल्लीतल्या सगळ्या दुकानांत मुलाखती घेतल्या, स्वतःच ऐकल्या, स्वतःच इंग्रजीत उतरवल्या.

मग एके दिवशी तिने मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला बोलावलं. झुणका मागवला आणि सांगितलं, की निष्कर्ष निघाला.

"स्किन, मामा. जवळजवळ सगळ्यांना स्किनचा प्रॉब्लेम आहे. मला स्वतःला शॉक बसला. माझ्या गाइडसरांनी पेपरसुद्धा जर्नलला पाठवला. गाडीत डर्मेटॉलॉजिस्ट येणार."

"अगं, तो सूर्यकांत तर धापा टाकत होता."

"एका माणसाला बघून ठरत नाही, मामा. डेटा बघावा लागतो."

तेजाबाचं काम म्हटल्यावर कातडीला इजा होणारच, असं मलाही वाटलं. शिवाय रिपोर्ट वाचलेल्या माणसापुढे नुसतं डोळ्यांनी बघितलेल्या माणसाचं काय चालतं? मी भाकरी संपवली.

गाडी आली त्या दिवशी गल्लीला लग्नघराची कळा होती. गाडीवर निळी झालर, हिंदीत 'त्वचा सुरक्षा अभियान', आत मलमाच्या ट्यूबांची खोकी. त्वचेच्या डॉक्टर वीणा मॅडम चटपटीत बाई. त्यांनी आल्या आल्या पुरुषांची रांग लावली आणि म्हणाल्या, "शर्ट उतारिए."

गलाईवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. सरकारी काम असणार, असं समजून शर्ट काढले. रांगेने उघडी अंगं उभी राहिली. हातांवर, मनगटांवर तेजाबाचे जुने डाग होते. पाठी मात्र एकजात स्वच्छ. मॅडमनी एक पाठ बघितली, दुसरी बघितली, चष्मा पुसून तिसरी बघितली. तिसरी सूर्यकांतची होती.

"खुजली कहाँ होती है?"

"खुजली नहीं है, मॅडम."

"दाने? चकत्ते? कुछ निकलता है शरीर पर?"

"कुछ नहीं निकलता." मग तो रुचिताकडे वळून मराठीत म्हणाला, "ताई, ह्यास्नी सांगा, माझं भाइर काय न्हाई. आत हाय."

वीणा मॅडमनी ट्यूब खाली ठेवली. "रुचिता, ये डेटा किसका है?"

रुचिता पुढे आली. लाल झाली होती. "दादा, तुम्हीच म्हणाला होतात ना. सगळ्यांनी सांगितलंय मला, अंगावर काढतो म्हणून. कधी निघतं ते? काम करताना, की नंतर?"

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग रांगेतल्या एका म्हाताऱ्याला उमगलं. तो हसला, शेजारच्याला सांगितलं, तो हसला, आणि हसू शर्ट काढलेल्या माणसांतून थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. हसता हसता काहीजण खोकायला लागले. मग खोकलाच उरला.

"काय झालं?" रुचिता मला म्हणाली. "मामा, काय झालं?"

मी तिला बाजूला घेतलं. "अंगावर काढणं म्हणजे पुरळ नव्हे, बाळ. दुखणं अंगावर काढणं म्हणजे औषधपाणी न करता तसंच सोसत राहणं."

 "पण आई म्हणायची ना, अंगावर पित्त उठलंय म्हणून. मला लहानपणी सारखं उठायचं."

"ते उठणं. हे काढणं."

"एवढासा फरक?"

"एवढासाच."

ती गाडीच्या पायरीवर बसली. पुरुषांनी शर्ट घातले. वीणा मॅडमनी, आणलेलं परत कुठे न्यायचं म्हणून, प्रत्येकाला मलमाची एकेक ट्यूब दिली. प्रत्येकाने ती डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा प्रयत्न केला आणि खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी मुनिरक्याला गेलो. जिन्यात सायकली, वर एका दारात चपलांचा ढीग, आत रुचिता कानांत हेडफोन घालून बसलेली. तिने एक टोक माझ्या कानात दिलं. एकामागून एक आवाज तेच सांगत होते. 'धाप लागती, पर काढतो अंगावर.' 'छातीत जळजळतंय, अंगावर काढायचं झालं.' आजार वाक्याच्या सुरुवातीला होता. तिने वाक्याचं शेपूट पकडून त्याच्यावर पेपर लिहिला होता.

"दुसरा कोडर लागतो, मामा. नियम आहे. दोन माणसांनी वेगवेगळं ऐकायचं आणि मग जुळवायचं. मी सरांना म्हटलं होतं. सर म्हणाले, 'तुम हो ना, तुम तो नेटिव हो.'" ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "सांगितलं तर माझी फेलोशिप जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मलम."

तिने सांगितलं. मला सोबत नेलं होतं, आणि तिच्या सरांनी, डॉ. हरीश यांनी, मला 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणून खुर्ची दिली. मला अशी पदवी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. हरीशसर चिडतील म्हणून मी तयारीत होतो. ते चिडले नाहीत. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, स्वतःच्याच कपाळावर हात मारला, आणि म्हणाले, "पेपर वापस लेंगे. गलती मेरी भी है." सज्जन माणूस. सज्जन माणसांशी भांडता येत नाही, हाच त्यांचा त्रास.

"और गाडी, सर?" रुचिताने विचारलं. "स्पायरोमीटर लगवा दें?" श्वास मोजायच्या यंत्राचं नाव ते.

हरीशसर म्हणाले, की गाडी संस्थेची नव्हे, एका कंपनीची आहे, आणि कंपनी बघते मागणी. "अब तुम्हारा नया नतीजा क्या है? कि ये लोग इलाज करवाते ही नहीं. वो कहेंगे, जो डॉक्टर के पास जाते ही नहीं, उनके लिए गाडी किसलिए? जहाँ भीड लगती है, वहाँ भेजो."

"पण म्हणूनच तर..." रुचिता मराठीत सुरू झाली आणि मग हिंदीवर आली. "इसीलिए तो भेजनी चाहिए, सर."

"मैं जानता हूँ. तुम जानती हो. उनकी एक्सेल शीट नहीं जानती."

मी आयुष्यभर असल्याच तक्त्यांवर सह्या केल्या. खर्च झाला नाही, म्हणजे गरज नव्हती. पुढच्या वर्षी तरतूद कापा. समाजाचे प्रतिनिधी गप्प बसले.

हरीशसरांनी शेवटी एक वाट काढली. शुक्रवारी कंपनीबरोबर बैठक होती. तोपर्यंत त्या गल्लीतल्या एका तरी माणसाची मोठ्या सरकारी रुग्णालयात श्वासाची तपासणी झाली, आणि आकडा खराब निघाला, तर ते तो टेबलावर ठेवतील. बिननावाचा चालेल. "एक असली आदमी, एक असली रिपोर्ट. फिर मैं लडूँगा."

सूर्यकांतला रुचिताने तयार केलं. सुट्टी मी मिळवली. दामूअण्णांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "अण्णा, सूर्यकांतला गुरुवारी मोकळा सोडा. छाती तपासून आणतो."

"पद्माकरराव, वर्गणी सरली, आता मानसं मागताय?"

"एकाच दिवसापुरता. परत आणून देतो, पावतीसकट."

 "न्या. पर काय निघतंय ते मला सांगायचं. त्यानं न्हाई, तुमी सांगायचं."

"सांगतो की," मी म्हटलं. सौदा स्वस्तात पडला असं वाटलं मला.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं रांगेत होतो. सूर्यकांतने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत रुचिताला विटा ते दिल्ली प्रवासात लागणाऱ्या गाड्या समजावून सांगत होता. पर्चा, म्हणजे केसपेपर, निघाला, नंबर आला. तरुण डॉक्टर होता, खाली बघून लिहीत होता.

"क्या तकलीफ है?"

"थोडी खाँसी."

"कब से?"

"चार-पाँच दिन से."

रुचिताने दचकून त्याच्याकडे बघितलं. "डॉक्टर, इनको तीन साल से..."

"मरीज को बोलने दीजिए. साँस फूलती है?"

"नहीं," सूर्यकांत म्हणाला.

"काम क्या करते हो?"

"दुकान में हूँ."

डॉक्टरने खोकल्याचं औषध लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. सगळं इतक्या झटपट झालं, की रुचिताच्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा उघडायची राहिली होती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती त्याच्यावर उसळली. "दादा, खोटं का बोललात? मला तर सगळं सांगितलं होतं."

"तुमास्नी सांगितलं, ताई. तुमी मराठी बोलत हुता. घरात बोलल्यावानी." तो खांबाला टेकला. दोन मजल्यांचा जिना उतरलो होतो आम्ही. "ह्यो लिहून घेतो. तेजाबानं झालंय म्हणून लिहिलं, मंजी मला भट्टीपासनं उठवलं. भट्टी सोडून मला काय येतंय? गावाकडं घर बांधायला काढलंय. भिंती हायत, वर पत्रा न्हाई."

"पण कोणाला कळणार आहे? रिपोर्टवर नाव पण नसणार."

 सूर्यकांतने माझ्याकडे बघितलं. रुचितानेही माझ्याकडे बघितलं.

"मामा, तुम्ही अण्णांना काय सांगितलंय?"

"काय निघतं ते सांगेन म्हणालो. सुट्टी मिळवायची होती ना."

"त्येंनी मला काल इचारलं," सूर्यकांत म्हणाला. "म्हनाले, पद्माकरराव मला समदं सांगनार हायत. मी रातभर तेच घोळवत हुतो."

वर्गणी मागायला गेलं की माणूस आपोआप उघडा पडतो, असं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. ते राहू द्यावं. खोडाखोड केली की ऑडिटचा आक्षेप निघतो.

"मी इथे नाहीच," मी म्हटलं. "मी चहाला गेलोय. तुम्ही दोघं पुन्हा नंबर लावा. काय निघतं ते मला सांगायचं नाही, आज नाही, कधीच नाही. मला माहीतच नसेल तर मी काय सांगणार?"

"आन् अण्णांनी फोन केला तर?"

"तर रांग फार मोठी आहे."

 सूर्यकांतने औषधाचा पर्चा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि रुचिताला म्हणाला, "चला. पर ह्या टायमाला तुमीच सांगा तेला. मला हिंदीत तेवढं बोलायला जमत न्हाई." ती त्याच्या चालीने, एकेक पायरी थांबत, जिना चढून गेली. तिला एवढं हळू चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी फाटकाबाहेर टपरीवर बसलो. गार झालेला पहिला चहा संपवला, दुसरा मागवला. आत काय चाललंय याची कल्पना करायची नाही, असं ठरवलं, आणि तेच करत बसलो. त्याला नळीत फुंकायला सांगितलं असेल. पुन्हा फुंका म्हटलं असेल. सगळी हयात भट्टी फुलवण्यात गेलेला माणूस तो.

फोन वाजला. दामूअण्णा.

"काय निघालं?"

"रांग फार मोठी आहे, अण्णा. अजून नंबरच लागला नाही."

"सकाळधरनं?"

"सरकारी दवाखाना आहे. तुम्हाला माहीत नाही का?"

"मला कसं म्हाईत? मी कवा गेलोच न्हाई." पलीकडे बाजाराचा गलका होता, मग तो कमी झाला, बहुधा ते खुर्चीवरून उठून आतल्या बाजूला गेले. आत जाईपर्यंत त्यांचा श्वास फोनवर ऐकू येत होता, फडकं झटकल्यासारखा. "पद्माकरराव, खरं सांगा. भ्यायचं काम न्हाई."

"खरंच सांगतोय."

"तसं न्हाई. त्याचं काय निघतंय बघून मग मी जानार हुतो. त्याची सतरा वर्सं झाली भट्टीवर, माझी तीसच्या वर. त्याचं बरं निघालं तर माझं मनावर घ्यायचं न्हाई, असं ठरवलं हुतं."

हातातला ग्लास मी बाकावर ठेवला. एकाचं काय निघालं ते कळूनच घ्यायचं नाही, असं कबूल करून अर्धा तासही झाला नव्हता, आणि दुसऱ्याचं सगळं नेमकं तेच सांगण्यावर अडलेलं. दोन्ही बाजू कशा जुळवायच्या, ते मला येईना.

"अण्णा," मी म्हटलं, "त्याचं काय निघतंय ते सोडा. तुम्हीच या. आत्ता या. मी फाटकाशी उभा राहतो. तुमचा पर्चा काढून ठेवतो."

"आज?"

"आज. रुचिता आत आहे. ती सांगेल डॉक्टरला मराठीतून हिंदीत. आता नीट सांगते ती."

 फोनमध्ये कोणीतरी 'अण्णा, मूस तयार' म्हणून हाक मारली, त्याला त्यांनी 'थांब' म्हटलं. मग मला म्हणाले, "ते दुकानाचं नाव, तेजाब, ते सगळं लिहून घेत्यात का वो?"

"काम काय करता, ते विचारतात."

"बघतो," दामूअण्णा म्हणाले. "गिऱ्हाईक आलंय."

फोन त्यांनी ठेवला नाही. खिशात तसाच टाकला असावा. मी कानाला लावून उभा राहिलो. भट्टीचा घोंघावा येत होता, आणि मधे मधे त्यांचा श्वास. तिकडे पर्चे काढायची खिडकी दुपारच्या सुट्टीसाठी बंद व्हायच्या बेतात होती. मी ग्लासाचे पैसे दिले आणि खिडकीच्या दिशेने चालायला लागलो, म्हणजे निदान ते आले तर रांगेत त्यांच्या नावाने कोणीतरी उभं असेल.